ऱ्हस्व चावि

६ ऑक्टोबर, मंगळवार

...आणि त्या सकाळी मी चादरी पिळत होते. तेच पुन्हा आठवत बसलेय. गावाला पाणी सोडून आलेले हे पायरीवर बसून बुटांचा चिखल काढत होते. म्हणाले, "अगं, लिही."

"हात ओले आहेत."

"मग पूस. नोंद ओली झाली तर साहेब मला पिळतील."

हात पुसले. नोंदवही मांडीवर घेतली. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. शाळेकडची चावि, चार आटे. दवाखान्याकडची चावि, सहा आटे. मग जरा थांबले. "मोठी चावि, पूर्ण उघडी. मोठ्या साहेबांच्या फोनवरून. शेठजींच्या कारखान्यात मंत्री येणार, कारंजी उडाली पाहिजेत. आणि हेही लिही — जुना नळ एवढा दाब सोसणार नाही, असं मी सांगितलं."

लिहिलं. खाली यांनी सही काढली. सही तेवढी येत होती, चित्र काढल्यासारखी. वही काखेत मारली आणि गेले.

तीन वाजता तो जमिनीखालचा मोठा नळ फुटला. उतारावरची घरं गेली, सहा माणसं गेली. सातवे हे. चावि बंद करायला खड्ड्यात उतरले होते, भिंत अंगावर आली. माझ्या चादरी तोवर वाळल्या होत्या.

चौदा महिने झाले. आज चौकशीचा अहवाल आला म्हणतात.

७ ऑक्टोबर, बुधवार

अहवाल वाचनालयात ठेवलाय, लोकांनी पाहावा म्हणून. पाहायला मी एकटी! ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरं झालं. सकाळपासून त्याच्यावर फक्त माशी बसली."

एकशे बारा पानं. शेठजींचं नाव कुठेही नाही. शोधून शोधून पाहिलं. 'एक औद्योगिक ग्राहक' — एवढंच. आणि यांचं नाव अकरा वेळा! 'सदर कर्मचाऱ्याने कोणाच्याही आदेशाविना, निष्काळजीपणे.' सहा माणसं यांनी मारली असं लिहिलंय. सातवे स्वतःच मेले, त्याचंही खापर यांच्यावरच.

मागे नोंदवहीच्या दोन पानांची छायाप्रत. आदल्या दिवसाचं पान आणि त्या दिवसाचं. त्या दिवसाच्या पानावर ना फोन, ना मंत्री, ना कारंजी. 'मोठी चावी, पूर्ण उघडी.' बस्स.

अक्षर हुबेहूब माझं. क्षणभर वाटलं, मीच असं लिहिलं होतं का? दुःखात माणसाला काहीही आठवतं. घरी कशी आले कळलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कामात लक्ष नाही. यांच्या जागी मला पाणी खात्यात घेतलं, फायली द्यायच्या, टेबलं पुसायची. आज मोठ्या साहेबांचं टेबल दोनदा पुसलं.

संध्याकाळी परत वाचनालयात. दोन्ही पानं शेजारी ठेवली, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आदल्या दिवशी — शाळेकडची चावि. दुसऱ्या दिवशी — शाळेकडची चावी.

बाईंना विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

"दीर्घ. चावी. का हो?"

"काही नाही," म्हटलं.

मला शाळा दुसरीपर्यंत. पुढचं सगळं पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून. हा शब्द शिकले तो पंपाजवळच्या खोलीच्या दारावरून. रंगाऱ्याने लिहिलं होतं 'चाविघर'. एकोणीस वर्षं तेच लिहीत आले, या वहीतसुद्धा. नंतर इतकी पुस्तकं वाचली, पण हात आधी शिकला तसाच वळतो. कुणी चूक काढली नाही, कारण नोंदवही कुणी वाचतच नव्हतं!

ज्याने माझं अक्षर गिरवलं तो शिकलेला माणूस. सगळं उचललं त्याने, माझा वाकडा 'ळ'सुद्धा. पण शुद्धलेखनाची चूक काही त्याच्या हातून होईना.

ते पान माझं नाही. मला वेड लागलेलं नाही.

पण हे सांगायचं कसं? सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की सरकारी नोंदवही एक बाई घरी बसून लिहीत होती. आणि ही गोष्ट कुणालाही कळू द्यायची नाही, असं यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. "हसतील गं लोक." नोकरीच्या अर्जावर 'वाचता येते' लिहिलं होतं. तेही मीच.

पोरालासुद्धा माहीत नाही. त्याच्यासमोर हे रोज वर्तमानपत्र उघडून बसायचे, पानं उलटायचे आणि घडी घालून म्हणायचे, "आज काही विशेष नाही."

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जुन्या नोंदवह्यांचं कपाट रिकामं. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "बांधणीला नेल्या, मावशी." एकोणीस वर्षांत कधी बांधणी झाली नाही!

म्हणजे आता अहवालातली ती दोनच पानं उरली. ती छापून वाटून झाली आहेत, परत घेता येणार नाहीत.

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बसा, बाई." तिथे मी कधी बसले नव्हते. या खात्यात मला कुणी बसा म्हणालेलं नाही. खुर्चीच्या कडेला टेकले.

"वाचनालयात जाता म्हणे रोज?"

"पुस्तकं बदलायला."

"छान. वाचावं माणसाने." मग टेबलावरची पिन उचलली, ठेवली. "मुलगा शेठजींच्या कारखान्यात ना? या महिन्यात कायम व्हायचाय. घरही कंपनीचंच. नीट चाललंय ना त्याचं?"

"तुमच्या कृपेने," म्हटलं. माझ्याच तोंडून निघालं! घरी येऊन चूळ भरली, तरी ती चव जात नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

पोरगा आला. सोमवारी अहवालावर सुनावणी आहे, ज्यांची हरकत असेल त्यांनी तीन मिनिटं बोलावं, हे त्यालाही ठाऊक. म्हणजे त्याला पाठवलंय. बिचारा दारातच म्हणाला, "आई, तू जाणार नाहीयेस ना?"

"कुठे?"

"आई, मला येडा बनवू नकोस. तो चौकशीचा न्यायमूर्ती शेठजींच्या बंगल्यावर उतरलाय. वर्तमानपत्र शेठजींचं. नगराध्यक्ष त्यांचा, आणि त्याला शिव्या देतो तो विरोधी पक्षवालाही त्यांच्याच गाडीतून फिरतो. तू कुणाला सांगणार आहेस?"

खरंच आहे. मत द्यायला आम्ही रांगेत उभे राहतो, आणि निवडून आलेले शेठजींच्या दारात रांगेत उभे राहतात. मी शेठजींना कधी पाहिलंही नाही. साहेबांना जाब विचारावा तर ते वर बोट दाखवतात, वरचे आणखी वर. शेवटी ते बोट खाली येतं ते खड्ड्यात मेलेल्या माणसावर.

विचारलं, "तुझ्या बाबांनी माणसं मारली, हे चालेल तुला?"

तो रडायला लागला. तीस वर्षांचा माणूस. "बाबा तर गेले ना, आई. आम्ही आहोत अजून."

जेवायला वाढलं. जाताना म्हणाला, "बाबा असते तर तेही गप्प बस म्हणाले असते."

नसते म्हणाले. नळ सोसणार नाही, हे त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. ते मला ठाऊक आहे आणि त्या फाडलेल्या पानाला.

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून समोर एक पांढरी गाडी उभी. आत दोघं. एकाने काच खाली करून मला नमस्कार केला. खिडकी लावून घेतली.

भीती वाटते. लिहायला लाज कसली! नोकरी जाईल. खोट्या नोंदी केल्या म्हणून खटला होईल. पोराचं घर जाईल, तो तोंड बघणार नाही. आणि सगळं गाव म्हणेल, चाविवाल्याला वाचता येत नव्हतं! हसतील. ज्या एका गोष्टीला हे जन्मभर भ्यायले, ती मीच चारचौघांत करायची.

पण उतारावरची ती म्हातारी, जिची सून गेली, ती मला पाहून रस्ता बदलते. यांना ती खुनी समजते. हसलेलं बरं की थुंकलेलं बरं?

यांचे बूट काढले. चिखल अजून टाचेला आहे. तुम्हाला विचारतेय हो. काहीतरी बोला.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

काल सुनावणीला गेले. पोरगा मागच्या रांगेत होता. माझी पाळी आल्यावर फळा आणि खडू मागितला. फळ्यावर लिहिलं — चावि. मग म्हटलं, अहवालाची शेवटची दोन पानं उघडा. माझ्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. एकोणीस वर्षं नोंदवही मी लिहिली, ते शेवटचं पान मी लिहिलेलं नाही, आणि मी लिहिलेल्या पानावर साहेबांचा फोन होता.

कुणी हसलं नाही.

न्यायमूर्ती म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःचा गुन्हा कबूल करताय, कळतंय का?"

हो म्हटलं, आणि खडू परत दिला.