जागा होता त्याच्यावर आळ

प्रिय धाकटोबा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. लबाडी आहे, कबूल. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘कामात आहे’ म्हणून ठेवून देतोस. मामाच्या दुकानात प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला एवढं कसलं काम असतं ते मला ठाऊक आहे. असो, आधी बातमी सांगते. आपल्या रुग्णवाहिका कक्षातले सर्व्हर आज एकोणीस दिवस एकदाही गोठलेले नाहीत. आणि तुझा बदल त्यांच्यावर चालू आहे. हो, तोच. एक ओळही न बदलता मी तो पुन्हा बसवलाय.

तू गेलास त्यानंतरचं तुला कुणी काही सांगितलेलं नसणार, म्हणून पहिल्यापासून क्रमानं लिहिते. रुग्णवाहिकेसाठी येणाऱ्या कॉलचं काम प्रोसेसरनं सगळ्यांत आधी हाती घ्यावं, बाकीची कामं मागे थांबावीत, एवढाच तुझा बदल होता. तो बसवल्यावर पुढच्याच आठवड्यात त्या मंगळवारी दुपारी सगळ्या स्क्रीन एकदम थिजल्या, आणि नेमका तेव्हाच अर्धांगाचा झटका आलेल्या त्या सुतारासाठी त्याच्या शेजारणीचा फोन आला. राखीव सर्व्हर उभा राहीपर्यंत नऊ मिनिटं गेली. सर्व्हरच्या नोंदींत, लॉगमध्ये, कर्नलनं म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीनं लिहून ठेवलं होतं की प्रोसेसरचा सातवा भाग बावीस सेकंद अडकून पडलाय, आणि त्या सातव्यावर तुझंच काम चालू होतं. मग काय, चोर सापडला! तुझा बदल काढला आणि पुढचे पंचवीस दिवस सर्व्हर सुतासारखे सरळ चालले. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? चौकशी समितीचा अहवाल तयार झाला, आणि कुणी ‘जा’ म्हणायच्या आत तू राजीनामा ठेवून निघालास.

त्यानंतर पंधरवड्यानं पुन्हा तेच झालं. दुपारची वेळ, कक्ष शांत, आणि स्क्रीन थिजल्या. कुणाचा जीव अडकला नव्हता, एवढं नशीब. तुझा बदल तर तेव्हा सर्व्हरमध्ये नव्हताच. खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. का, ते शेवटी लिहीन. आता लिहिलं तर पुढचं हातून लिहिलं जायचं नाही.

मी नेहमीच्या पद्धतीनं शोधायला लागले. राखीव सर्व्हरवर खोट्या कॉलचा मारा केला, त्याला घाम फुटेल इतकं काम दिलं. ढिम्म काही होईना. तीन दिवस हे चाललेलं कक्षात फोन घेणाऱ्या काकू बघत होत्या. शेवटी चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, “अगं, त्याला कशाला राबवतेस? आम्ही कामात असलो की तुमचं यंत्र कधी रुसत नाही. आम्ही जरा टेकलो की मरतं मेलं.” वीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या बाईला जे दिसलं होतं, ते मी लॉगच्या हजार ओळी चाळूनही पाहिलं नव्हतं. ते पंचवीस दिवस तापाच्या साथीचे होते. फोन खणखणत होते, सर्व्हरला उसंतच नव्हती, म्हणून तो बिघडला नाही. तुझा बदल काढला म्हणून नव्हे!

मग राखीव सर्व्हर नुसता चालू ठेवला, तुझ्या बदलाशिवाय, काही काम न देता. तिसऱ्या तासाला गोठला. काम नसलं की वीज वाचवायला प्रोसेसरचे भाग झोपतात, हे तुला मी काय सांगणार. पण त्यांच्या सगळ्यांत गाढ झोपेला मनाई केली आणि सर्व्हर पुन्हा रिकामा सोडला, तर चार दिवस गोठला नाही. मनाई उठवली, संध्याकाळच्या आत गोठला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

आईला मी हे असं समजावलं, की एका कचेरीत सोळा कारकून आहेत. काम नसलं की डुलकी घ्यायची मुभा आहे. एक जण असा झोपला की हाक मारली तरी उठेना. सातव्याला त्याच्याकडून होकार हवा होता, म्हणून तो बिचारा त्याच्या टेबलापाशी ताटकळत उभा राहिला. साहेब फेरीला आले आणि उभा दिसला त्याचंच नाव वहीत लिहून गेले. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे जागा होता त्याच्यावर आळ, आणि घोरत पडलेला नामानिराळा?” मी म्हटलं, हो. त्यावर तिनं भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, “हे त्याला कळव. आजच.”

मी मात्र थांबले. प्रोसेसर बनवणाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं, त्यांच्याकडून उत्तर आलं, दोष त्यांचाच निघाला, दुरुस्तीही येतेय. तोवर गाढ झोप बंद. मग तुझा बदल परत बसवला आणि दिवस मोजत बसले. तुला पुन्हा अर्धवट काही सांगायचं नव्हतं.

आणखी एक. मी त्या सुताराकडे जाऊन आले. तूही दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलास, हे त्याच्या बायकोनं सांगितलं. खिडकीतून बघितलं होतं तिनं. त्याचा उजवा हात अजून जड आहे, पण तो कामाला लागलाय. मला म्हणाला, “सही नीट येत नाही अजून. रंधा मात्र येतो. सही काय, बायको करते!” आणि स्वतःच हसला. त्या नऊ मिनिटांनी काहीच बिघडलं नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पण धाकटोबा, ती मिनिटं तुझी नव्हती.

ती माझी होती. ते सर्व्हर मी निवडले होते. कमी वीज खातात म्हणून मीच हट्टानं घेतले, आणि त्याबद्दल पाठ थोपटून घेतली. पहिल्याच दिवशी लॉगमध्ये मला दिसलं होतं की सातवा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेले, कारण ती धरून मागे गेले असते तर माझ्या निवडीपाशी पोचले असते. अहवालातलं ‘दोष नव्या बदलाचा’ हे वाक्य समितीनं लिहिलं असं तू समजतोस. ते मी लिहिलं, तुझ्या सख्ख्या बहिणीनं. उद्या सकाळी मी नवा अहवाल समितीपुढे वाचणार आहे, आणि ती वगळलेली ओळ त्यात माझ्या नावासकट आहे. माझं पुढे काय होईल ते होवो. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र आजच टाकतेय. परत येशील की नाही, मला माफ करशील की नाही, ते तुझं तू ठरव, घाई नाही. फक्त आज रात्री नीट झोप. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

तुझीच,
ताई