तुम्हीच टाळ्या वाजवल्या

९ फेब्रुवारी, रविवार
साक्षी आलीच नाही! पोरीची पुढच्या इंजेक्शनची तारीख जानेवारीतली होती. वॉर्डात विचारलं तर रेणुकाताईंनी नुसती मान हलवली. ताई संस्थेच्या. कॅन्सरच्या लेकरांचे आईबाप मधेच उपचार सोडतात, त्यांना धरून ठेवायचं हे त्यांचं काम. मी तिथं रविवारचा बिनपगारी मदतनीस. आठवडाभर पुण्यात पीओपीची छतं, रविवारी हे. नांदेड-लातूरकडचं कोणी आलं की मला पुढं करतात – तुझी बोली त्यांना कळते म्हणून. सातवीत शाळा सोडलेल्याला एवढं कोण विचारतं!
फोन लावला. साक्षीचा बाप शेषेराव. "पोरगी बरी झाली की, भाऊ. आता कशाला?" ठेवून दिला.

१० फेब्रुवारी
सगळा घोळ त्या घंटेचा. परदेशातून महिनाभर मदतीला आलेल्या मॅडमनी वॉर्डात टांगली. उपचार पुरा झाला की लेकरानं वाजवायची, त्यांच्याकडं तशी रीत आहे म्हणे. साक्षीचा तर पहिलाच टप्पा झालेला, अजून दोन-अडीच वर्षं बाकी. पण रिपोर्ट चांगला आला, पोरगी सुयांना कंटाळून रडायली होती. कोणीतरी म्हणालं, वाजवू द्या तिला. वाजवली. सगळ्यांनी टाळ्या. मी पण. शेषेराव डोळे पुसत होता.
घंटा झाली की शाळा सुटते – आमच्याकडं एवढंच माहीत!

१५ फेब्रुवारी
साक्षीच्या गावाला जायला सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, "कोण लागते ती तुझी?" लातूरच्या गाडीत बसलो.

१६ फेब्रुवारी, रविवार
लातूरहून मुखेडची एस्टी, पुढं टमटम.
साक्षी अंगणात टायर पळवत होती. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे काळेभोर केस. मला बघितलं अन् घरात पळाली.
शेषेराव म्हणाला, "बघा की. केस आले, भाकर खायलीय, शाळेत जायलीय. कुठं हाय कॅन्सर?"
म्हणालो, दिसत न्हाई म्हणजे गेला असं नसतं. पुढची इंजेक्शनं लातूरलाच देतील, ताईंनी ठरवून ठेवलंय. एक रुपया लागत न्हाई.
"मग घंटा कशाला वाजवून घेतली? तुम्हीच टाळ्या वाजवल्या. अन् आता म्हणता बरी न्हाई!"
त्याची म्हातारी आई, केवळाबाई, चुलीपासून ओरडली – "चांगल्या लेकराला पुन्हा टकलं करायला आला मुडदा! चहा पी अन् वाटंला लाग."
चहा पिलो. निघताना साक्षीच्या आईनं तेवढा माझा नंबर मोबाईलात घेतला, मिस कॉल पण दिला.

१७ फेब्रुवारी
आईचा फोन. "मुखेडपर्यंत आलास अन् बिलोली लांब पडली व्हय रे?" कोणत्या तोंडानं जाऊ घरी? शेषेरावला खोटं पाडता आलं नाही. तो खोटं बोलतच नव्हता!

२३ फेब्रुवारी, रविवार
ताईंशी भांडलो. ती घंटा काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, "लेकरांना तेवढाच आनंद असतो रे." बरोबर आहे ते पण. मग काय करायचं?
पुन्हा कोणाला तरी पाठवू म्हणाल्या. कधी, ते सांगितलं नाही.

२ मार्च
शेषेराव फोन उचलत नाही. वॉर्डात गेलो नाही आज. नुसता रस्त्यानं फिरलो.

५ मार्च
छतावरून पट्टी सुटली, खांद्यावर पडली. लक्ष कुठं होतं, मुकादमानं विचारलं.

८ मार्च
दुपारी जेवताना फोन. साक्षीच्या आईचा नंबर, पण आवाज पोरीचा. हळू बोलायली.
"काका, पाय लई दुखायलेत. आजारी पडले तवा दुखायचे, तसेच. आईला सांगू नका हं. शाळेची सहल हाय, मग नेणार न्हाईत मला. सहल झाल्यावर सांगा."
बरं म्हणालो.
तिनं ठेवला. मी लगेच शेषेरावला लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणालो, "पोरीचे पाय पुन्हा दुखायलेत."