एक वेढा जास्त

३ मार्च, सोमवार

गाठ सुटली! माझी नव्हे, नातीची. तिच्या कॉलेजातल्या पोरांनी आकाशात सोडायला उपग्रह बनवलाय — चहाच्या डब्याएवढा, मला वाटलं होतं बसएवढा तरी असेल. आज तो हादरे देणाऱ्या यंत्रावर ठेवला आणि दोऱ्याची गाठ सटकली. त्या दोऱ्याने त्याची अँटेना दुमडून बांधलेली असते. अँटेना म्हणजे काय, तर सुताराच्या मोजायच्या पोलादी टेपचा तुकडा! वर गेल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, पट्टी फटकन उघडते, मग तो बोलतो. गाठ आधीच सुटत असेल तर रॉकेटवाले घेणार नाहीत. शुक्रवारी त्या यंत्रावर शेवटची परीक्षा.

नात जेवली नाही. मी म्हटलं, दोरा तरी दाखव. मासे धरायच्या गळाचा दोरा निघाला, गुळगुळीत. त्याला साधी गाठ काय धरणार? एकतीस वर्षं शिंप्याकडे काज-बटण केलंय मी.

५ मार्च

गाठ मारायला मला कॉलेजात नेलं! टोपी, झगा, हातमोजे, तोंडाला फडकं. आरशात बघते तर डॉक्टरीणबाई. त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. नातीचा एक चष्मेवाला मित्र मला चक्क मॅडम म्हणाला. नात त्याला म्हणते, हिला चढवू नकोस, घरी आम्हाला भोगावं लागतं.

गाठ झकास बसली. आणि मग सवयीनं मी फडकं खाली ओढलं नि दोरा दातांनी तोडला.

थुंकी लागली ना! त्यांचे सर डोकं धरून स्टुलावर बसले. मग स्पिरिटनं पुसापुशी, नवा दोरा, पुन्हा गाठ. या वेळी सुटायचं नावच नको, म्हणून एक वेढा जास्त घेतला. कुणाला बोलले नाही. त्यात सांगायचं काय!

७ मार्च

यंत्र हललं, गाठ हलली नाही. नातीनं मला उचलूनच घेतलं. कंबर दुखतेय — दुखू दे.

२२ एप्रिल

गेला! टीव्हीवर बघितला. शेजारणीला दोनदा बोलावलं, दुसऱ्यांदा दाखवायला काही नव्हतंच.

२४ एप्रिल

बोलत नाही. दोन दिवस डोक्यावरून जातो नि गप्प. नात म्हणते, दोरा जळला नसणार, पण पाच सेकंद तार तापते, तेवढी पुरायला हवी होती. तिची तीन वर्षांची मेहनत मी बांधून टाकली की काय? शेवटी सांगितलं, बाळा, एक वेढा जास्त आहे.

ती म्हणाली, "आजी, हे तू आत्ता सांगतेस?" आणि अनवाणीच पळाली कॉलेजात. अँटेना मिटलेली असली तरी त्याला जरा जरा ऐकू जातं म्हणे. वीस सेकंद तापव, असं कळवणार आहेत.

२५ एप्रिल

सकाळी सहा वीसला बोलला. नातीनं तिकडून फोन लावला, फोन त्याच्या आवाजाजवळ धरला. टिट टिट टिट.

मी हॅलो म्हटलं.