अंगाईची शेवटची ओळ

गुरुवार, १४ नोव्हेंबर
दुपारी तीन

प्रिय भावोजी,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, तिकडेही तसंच असेल, एवढं लिहून मोकळा होणार होतो. पण आपल्या दोन घरांत अंतर ते किती, बसचे चार थांबे. त्यात ताई रोज सकाळी फोनवरून आमच्या सगळ्यांच्या पोटाची चौकशी करते. तेव्हा हे पाकीट पाहून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग म्हणाल, "या गाढवाचा फोन बिघडलाय की डोकं?"

फोन ठीक आहे.

गुडघा दुखतो. सूनबाईनं चहातली साखर बंद केली आणि वर विचारते, "चहा बरा झालाय ना, बाबा?" मी म्हणतो, झकास. घरात शांतता ठेवायची तर खोटं बोलावंच लागतं. त्याची मला सवय आहे.

मंगळवारी ती टेपवाली मुलगी आली होती. तुमच्याकडे येऊन गेली तीच, जुन्या सैनिकांच्या आठवणी गोळा करणारी, केसांत पेन्सिल खोचलेली. म्हणाली, "आजोबा, लढाईचं सगळेच सांगतात. तुम्ही बँडचं सांगा. सैनिकांची करमणूक कशी करायचात ते सांगा." मग काय, मी सुटलोच. थंडीत माझ्या पितळी कॉर्नेटचं तोंड ओठाला चिकटू नये म्हणून दिवसभर काखेत धरून हिंडायचो, ते सांगितलं. मोठ्या ढोलाच्या आड ढोलवाला झोपायचा आणि बँडमास्तरांनी हात उचलला की झोपेतच बरोबर ठोका द्यायचा, ते सांगितलं. नाटकवाले आले त्या दिवशी नायिकेच्या दाढीचे खुंट पहिल्या रांगेतल्यांना दिसले आणि तरी चारशे माणसं तिच्या दुःखानं रडली, तेही सांगितलं. पोरगी हसून हसून लाल झाली. दोन तास बोललो आणि सांगण्यासारखं एक अक्षर बोललो नाही.

जाताना तिनं तुमच्या आठवणींची टाइप केलेली पानं दिली. "रविवारी तुम्हाला दोघांना शेजारी बसवून रेकॉर्ड करायचंय. तेवढं वाचून ठेवा हं." नऊ पानं आहेत. सातव्या पानावर अडलो, तो अजून तिथेच आहे. त्या पानावर तुम्ही स्वतःवर एक आरोप ठेवला आहे. तो खोटा आहे आणि हे जगात एकट्या मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. फोनवर जीभ उचलत नाही आणि समोर बसलो की तुम्ही हसता. तुम्ही हसलात की माझं काही खरं नाही.

आता नमनाला घडाभर तेल जाईल, पण जाऊ द्या.

तुमची चौकी वर डोंगराच्या सोंडेवर, अठरा माणसांची. आमची छावणी खाली नदीकाठी. तुम्ही चौकीचे तारवाले, आणि तुमची ती टेलिफोनची तार तोफेच्या एकेका गोळ्यासरशी तुटायची. शिधा न्यायला खाली आलात की माझ्या तंबूत बसायचात. वयानं चार वर्षांनी मोठे, पण सगळं अरे-तुरेत. मला तुम्ही 'पिपाणी' म्हणायचात. रोज संध्याकाळी पाच वाजता बँड अर्धा तास वाजवायचा, कूचगीतं झाली, सिनेमाची गाणी झाली की मास्तर मला एक धून एकट्यानं वाजवू द्यायचे. मी आमच्या आईची अंगाई वाजवायचो. वारा वर वाहायचा, तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

युक्ती तुमचीच होती. "हे बघ पिपाणी, तार तुटलेली असली की आम्हाला खालचं काही कळत नाही. तू अंगाई पूर्ण वाजवलीस तर समजू, सगळं ठीक. शेवटची ओळ गाळलीस तर समजू, खाली काहीतरी बिनसलंय, आवरा आणि उतरा." मी हसलो होतो. तुम्ही नाही हसलात. चौकीच्या मिशीवाल्या साहेबांनाही तुम्ही हे सांगून ठेवलं होतंत. मी मात्र खाली कुणालाच सांगितलं नाही. मास्तरांनी कान उपटले असते.

आता सातवं पान. तुमचेच शब्द उतरवतो, कारण मला ते पाठ झालेत.

"त्या संध्याकाळी खालून गाड्यांचा आवाज येत होता. तार दोन दिवस बंद होती. साहेब म्हणाले, लक्षण बरं दिसत नाही, तुझा तो पोरगा काय वाजवतो ते ऐक. मी कान देऊन बसलो. पोरगा शेवटच्या ओळीआधी थांबला. साहेब उठले आणि बूट बांधायला लागले. आणि तेवढ्यात मला शेवटची ओळ ऐकू आली. मीच म्हणालो, बसा साहेब, सगळं ठीक आहे. पहाटे ते आमच्यावर आले तेव्हा खाली छावणीच नव्हती. अकरा जण गेले. पोरी, मी आजवर हे घरात बोललो नाही. ती ओळ वाजलीच नसणार. पोरानं थांबून इशारा दिला होता. अंगाई इतकी पाठ की उरलेली ओळ माझ्याच कानानं पुरी केली. मला ती ऐकायची होती ना. अकरा माणसं माझ्या कानानं मारली."

भावोजी, आम्ही तुमच्या कानांची किती थट्टा केली! दर वर्षी तपासून घ्यायचात, डॉक्टर म्हणायचा, पंचविशीतल्या पोराचे कान आहेत, तरी तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे. ताई म्हणायची, "यांना माझं सोडून सगळं ऐकू येतं, तरी औषध हवंच." सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. मला काय ठाऊक, तुम्ही कशाची खात्री करून घेत होता!

सूनबाई पेपर मागायला आली. हे पॅडखाली सरकवलं. सत्तरी उलटली तरी शाळकरी पोरासारखी चोरी. उद्या लिहितो.

शुक्रवार, सकाळ

काल ठरवलं होतं की मास्तरांवर ढकलावं. ते जाऊन तीस वर्षं झाली, उत्तर द्यायला येणार नाहीत. दोन कागद तसे लिहिले आणि फाडले. त्यात सगळं खरंच होतं. दुपारी छावणी उठवायचा हुकूम आला. मास्तर म्हणाले, बँड रोजच्यासारखा वाजला पाहिजे, एक सूर इकडचा तिकडे नको, शत्रूला वाटलं पाहिजे आपण इथेच आहोत. चौकीला निरोप गेलाय, असंही म्हणाले. तो निरोप्या मी पाहिला नाही. कोण गेला, विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पण अंगाईची शेवटची ओळ गाळायला कुणाची परवानगी लागत होती? मास्तरांना वाटलं असतं, पोराचा दम संपला. दोन शिव्या पडल्या असत्या, बस. शत्रूला आमच्या आईची अंगाई थोडीच ठाऊक होती!

तर ऐका. साडेचारला मी कॉर्नेट पुसत होतो. पलीकडे आमचे मोठे साहेब मास्तरांना सांगत होते. "बँडची गाडी सगळ्यात शेवटी निघेल. वरची चौकी जागेवर आहे तोवर रस्ता आपला. ती उतरली की तासाभरात ते आपल्या पाठीवर." मास्तरांनी मान डोलावली. मी पुसत राहिलो. एकदा पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

हिशेब लहान पोरालाही जमला असता. ते वर थांबले तर मी घरी जातो.

अंगाई सुरू केली. शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायची जागा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे थांबलो. तुम्ही म्हणता ते बरोबर, मी थांबलो होतो. रोजच्यापेक्षा जास्त थांबलो. तेवढ्या वेळात तू डोळ्यांपुढे आलास. तुझा तो फाटका मफलर दिसला. मला गाडीत बसायचंय, हेही दिसलं. मागे गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं होतं.

मग मी ती ओळ वाजवली.

आणि अरे, छान वाजवली रे! जन्मात तशी वाजवली नव्हती. एकही सूर हलला नाही. वर नीट पोचावी म्हणून कॉर्नेट उचलून डोंगराकडे धरला होता. मास्तरांनी पाठीवर थाप मारली, "आज पोरानं जीव ओतला."

तुझा कान चुकला नव्हता. तू जे ऐकलंस ते मी वाजवलं होतं. तू साहेबांना बसा म्हणालास कारण तुझ्या दोस्तानं तुला तसं कळवलं होतं. ती अकरा माणसं माझी आहेत. तुझ्या खात्यावर त्यांतलं एकही नाही.

अरे-तुरेवर आलो, कळतंय मला. लग्न ठरलं तेव्हा आईनं दम दिला होता, "आता ते जावई, जिभेला लगाम घाल." पण ही गोष्ट भावोजींना सांगता येत नाही. ती तारवाल्यालाच सांगावी लागते.

पुढचं तुला ठाऊक आहे, फक्त उलट्या बाजूनं. दीड वर्षानं तुम्ही सात जण कैदेतून सुटलात. डावा पाय तिकडेच ठेवून, कुबडी घेऊन तू पहिल्यांदा आमच्या दारात आलास. मी गल्लीच्या टोकाला तुला पाहिलं आणि मागच्या दारानं पळालो. दोन तास बाजारात भाज्यांचे भाव विचारत हिंडलो. परत आलो तर तू आमच्या स्वयंपाकघरात बसलेला, ताई पाणी देतेय आणि तू आईला सांगतोयस, "मावशी, तुमच्या पोराच्या वाजवण्यावर आम्ही तिथे तग धरला." आईनं माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण ताई तुझ्याकडे बघत होती आणि तू तिच्याकडे. मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, बाळ होऊ दे. मग मुलांच्या परीक्षा, मग तुझं ऑपरेशन. भित्र्याला मुहूर्त कधी सापडतो का!

लग्नात तू म्हणालास, पिपाणी, ती अंगाई होऊन जाऊ दे. मी म्हटलं, दाढ दुखतेय. थोरलीच्या बारशाला दाढ दुखत होती. धाकट्याच्याही. ताई वैतागून म्हणाली, "तुझ्या तोंडात दाढा तरी किती आहेत रे?" ताई मुलांना निजवताना तीच अंगाई म्हणायची आणि शेवटच्या ओळीआधी मी अंगणात जायचो. तुम्हाला वाटायचं, मामाला आईची आठवण येते. माझी दाढ कधीच दुखत नव्हती. खरोखरची कवळी बसली, कॉर्नेट वाजवणं शक्यच उरलं नाही, त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना मी हसत होतो. मुलगा म्हणाला, बाबा धीराचे आहेत.

बाहेरच्या खोलीत बँडच्या फोटोची ती चौकट टांगलेली होती, 'अखेरपर्यंत जागेवर राहिलेला बँड'. खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या. सूनबाई दर आठवड्याला ती पुसते आणि शेजारणींना दाखवते. मघाशी काढून कपाटामागे उभी केली. भिंतीवर पांढरा चौकोन उरलाय. अजून कुणी विचारलं नाही.

माफी मागत नाही. माफी मागितली की तू देशील, मला ठाऊक आहे. लगेच देशील, वर चहा टाकायला सांगशील. ते मला सोसणार नाही. बावन्न वर्षं तुझ्या ताटात जेवलो, तुझ्या पोरांना खांद्यावर घेतलं, आणि तू आतल्या आत स्वतःला खात होतास. एका वाक्यात तुला मोकळं करता आलं असतं. तिकडे मला जिवाची भीती होती, तेवढं तरी म्हणता येईल. इथे कसली भीती होती? तुझ्या घरी माझ्यासाठी वेगळी उशी ठेवतात, ती जाईल याची. लाज वाटते रे. त्या संध्याकाळची वाटते, त्याहून या बावन्न वर्षांची जास्त वाटते.

रविवारी मी तास-दोन तास आधी येतो. ताईला मीच सांगेन, ते ओझं तुझ्यावर टाकत नाही. मग ती मुलगी आली की तिच्या टेपवर सगळं बोलेन आणि सातव्या पानाखाली लिहून देईन की हा माणूस बरोबर ऐकत होता. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून बोलेन. मुलीला टेप पायरीवर आणायला सांगेन, आणेल ती.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात आणि त्याखाली 'लोभ असावा'. पहिलं लिहितो. खालची ओळ या वेळी मी गाळली आहे, आणि ओळ गाळली म्हणजे काय करायचं ते आपलं ठरलेलं आहे. अठरा जणांत तू एकटाच अजून त्या चौकीवर बसून आहेस. आता तरी खाली उतर.

कळावे.

तुझा
पिपाणी