डाव्या चाकाची पिन

३ मार्च, रविवार

पिनच नाही!

बाबांच्या मॉरिस मायनरखाली घरंगळलेला पाना काढायला आडवी झाले आणि दिसलं — डाव्या चाकाच्या स्टिअरिंगच्या सांध्यावर नट आहे, पण त्याला धरून ठेवणारी पिन नाही. बाबांनी काढली असणार आणि घालायची विसरले. धक्के खात नट सुटतो, सांधा निसटतो, मग चाक त्याच्या मनाने जातं. आणि बुधवारी ते आईला घेऊन मावशीकडे बक्स्टनला जाणार. सगळा घाटरस्ता.

दुकानातून नवी पिन आणून घातली. बाबांना सांगितलं नाही. बाहत्तर वर्षांच्या माणसाला कसं म्हणायचं, तुम्ही विसरलात?

४ मार्च

दिवसभर लहानपणची बाबांची शेड डोळ्यांपुढे. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच. अपूर्णांक पान्यांवरून शिकले. बाबा म्हणायचे, "सात-सोळांश दे." चुकीचा दिला तरी ते काही बोलत नसत, तोच नटावर लावायचे, तो गरकन फिरायचा, आणि मग माझ्याकडे बघायचे. वाचायला शिकले मॉरिस मायनरच्या दुरुस्तीच्या पुस्तकावर. 'मांजर' लिहिता येण्याआधी मला 'क्लच' लिहिता येत होतं.

बाजूला शेजारचे नेव्हिलकाका त्यांची बीएसए मोटरसायकल उघडून बसलेले. रॉकेलच्या ताटात साखळी धुणं माझ्याकडे. काळ्या हातांनीच बिस्किट खायचं. काही बिघडलं तर ते दिसायचं, हाताला लागायचं. भ्यायचं कशाला?

नियम एकच होता — ज्यानं नट सोडला, त्यानंच आवळायचा. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. मी लावला.

६ मार्च

आई-बाबा गेले. मी खिडकीत. अँब्युलन्सचा आवाज आला तेव्हा कप हातातून सुटला. ती दुसरीकडेच गेली.

आले. बाबा शीळ घालत होते. आई म्हणाली, "काय गं, रंग का उडालाय तुझा?"

८ मार्च

नेव्हिलकाका चहाला आले. गाडीखालच्या तेलाच्या डागाकडे बघून म्हणाले, "अजून थेंब टाकते ना? मग ठीक. थेंब थांबला की घाबर, आत तेलच उरलं नाही म्हणून."

"तुझ्या मोटरसायकलचे थेंब थांबलेत," बाबा म्हणाले. "ती आता ओततेच."

मग सरकारी तपासणीचा विषय निघाला. एवढ्या जुन्या गाडीला ती लागत नाही. काका म्हणाले, "सरकारचं म्हणणं, असली गाडी सांभाळणारा माणूस शहाणाच असणार." दोघं खो खो हसले. मला हसता येईना. म्हणजे तपासणारं कोणीच नाही. मीच.

९ मार्च

बाबा बाजारात गेले तेव्हा मी पुन्हा शेडमध्ये गेले. गाडीतला पायाखालचा गालिचा उचलून ब्रेकच्या तेलाची टाकी बघितली. तेल तळाला गेलेलं! उद्या मदरिंग संडे, इथला मातृदिन, आईला जेवायला बाहेर नेणार आहेत. तेल भरलं, ब्रेकमधली हवा काढली, झाकण घट्ट केलं. थोडं तेल सांडलं. पुसलं.

१० मार्च

बाबांनी गाडी काढली नाही. जेवायला चालतच गेलो. भाजलेलं मटण त्यांनी नुसतं चिवडलं. मध्येच मला विचारलं, "पोरी, परवा मी पिन आणायला गेलो होतो का गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

१३ मार्च

आई एकटीच बसने बक्स्टनला गेली.

१६ मार्च

नेव्हिलकाकांनी फाटकापाशी थांबवलं. मायनरची किल्ली त्यांच्या हातात. "तुझ्या बापानं दिली. म्हणाला, गिऱ्हाईक बघ." मग आवाज खाली आणून, "घाबरलाय गं तो. त्यानं जुनी पिन काढली, नवी आणायची होती. बुधवारी निघण्याआधी बघतो तर नवी बसवलेली, तेव्हा हसण्यावारी नेलं. ब्रेकचं तेल बदलायचं म्हणून उपसलं, तर टाकी भरलेली. म्हणतो, नेव्हिल, मी कामं करतो आणि मला आठवत नाही. माझं डोकं गेलं."

म्हणजे ते काहीच विसरले नव्हते. कामं अर्धी होती, आणि मी चोरासारखी पुरी करत होते.

काकांना तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मला काय सांगतेस? त्याला सांग."

१७ मार्च, रविवार

सांगितलं. पिन, तेल, खोटं बोलले तेही. बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हसले, डोळे पुसले, मला टपली मारली. "मूर्ख पोरी. अगं, मला वाटलं, मी संपलो." "बुधवारी मीच तुझ्या आईला नेणार," म्हणाले. किती हलकं वाटलं!

मी चहा ठेवला. दोन कप घेऊन शेडमध्ये गेले. ते गाडीशेजारी ओणवे होऊन डाव्या चाकाकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "ही नवी पिन कुणी घातली गं?"

किल्ली अजून माझ्याच खिशात होती.