नागवेणीचं पाकीट

जालना,
१४ नोव्हेंबर १९९४

तीर्थस्वरूप सौ. उषाक्कास,

रामकिसनचा साष्टांग नमस्कार. दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

इकडे सगळं ठीक. आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते आमच्याकडेच राहतील. तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून कळवतो. तुझी भावजय नंदा त्यांना शेंगा भाजून देते आणि आप्पा 'खारट झाल्या' म्हणत म्हणत सगळ्या संपवतात.

काल मोंढ्याच्या बाजारात तुमच्या तीर्थपुरीचा किराणावाला भेटला. हात जोडून म्हणाला, "तुमच्या अक्कापायी 'नागवेणी'चा माल ठेवायचाच बंद केला बघा. शिकेकाई न्हाई, साबण न्हाई, तेलबी न्हाई. ते पाकीट दिसलं की बाई दुकानातून मीठसुद्धा घेत न्हाई, अन् गल्लीतल्या बाया तिच्या मागं! कारण इचारलं तर म्हणती, न इचारता दुसऱ्याचं घेणाराचा माल हाय तो." मी हसलो. दाजींनी सांगितलेली संक्रांतीची गोष्टही आठवली. तुमच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंनी वाणात तेच पाकीट दिलं, तेव्हा तू हळदीकुंकू लावून घेतलंस आणि पाकीट त्यांच्याच पाटावर ठेवून उठलीस. वाण परत करायला वाघिणीचं काळीज लागतं, अक्का. मला हॉटेलात गार चहा परत करायला जमत नाही.

आता जे लिहितो ते भाऊबीजेलाच बोलणार होतो. पण तू ओवाळलंस, पुरणपोळी वाढलीस आणि मी मुकाट्यानं खात बसलो.

तो दिवस तुला पाठ आहे. तरी मला लिहू दे, कारण बारा वर्षांत मी तो तोंडातून काढलेला नाही. स्थळांना दाखवायला आप्पांनी जालन्याच्या स्टुडिओत तुझा फोटो काढला होता. वेणी पुढं घेतलेली, पार मांडीपर्यंत. वडीगोद्रीचे पाहुणे तुला बघायला आले. पोहे झाले, पसंती झाल्यातच जमा होती. तेवढ्यात मुलाच्या आईनं पिशवीतून शिकेकाईचं पिवळं पाकीट काढून सगळ्यांपुढं धरलं. त्यावर तू होतीस.

"हिचं तोंड तर आमच्या न्हाणीत हाय. रोज मोरीच्या कडंला भिजत पडतंय. असली सून कुठं मिरवू मी?"

पाहुणे उठून गेले. तू रडली नाहीस. "फोटो कुणी दिल्ता?" एवढंच विचारलंस. आप्पा म्हणाले, "मी दिल्ता."

तेव्हापासून तू त्यांच्याशी शब्द बोललेली नाहीस. लग्नात पाया पडलीस, तीही खाली बघून. माहेरी येतेस ती माझ्यासाठी.

परवा नंदानं साबण आणला. आप्पांच्या डोळ्याला पट्टी, म्हणून त्यांनी वडी नाकाशी धरली. "नागवेणी तर न्हाई ना?"

नंदा म्हणाली, "न्हाई आप्पा. पण असली तर काय बिघडतंय?"

"माझ्या लेकीनं टाकलंय ते. मंग माझ्या अंगाला कसं चालंल?"

अक्का, गावी कुंभार पिंपळगावात दुसरा साबण मिळाला नाही तर आप्पा बेसन लावून अंघोळ करतात. आम्हाला वाटायचं म्हातारपणाची लहर आहे. तुझ्याइतक्याच कडकपणे त्यांनी हे बारा वर्षं पाळलंय.

हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. आता तुलाही सांगतो. फोटो मी दिला होता.

स्टुडिओतून प्रती आणायला आप्पांनी मला पाठवलं होतं. तिथं नागवेणीचा माणूस बसला होता, त्याला पाकिटासाठी लांब केसांची बाई हवी होती. मी एकोणीस वर्षांचा गाढव. "आमच्या अक्कासारखे केस अख्ख्या जिल्ह्यात न्हाईत," अशी फुशारकी मारली. त्यानं चहा पाजला, पाठ थोपटली, आणि मी एक प्रत त्याच्या हातात ठेवून आलो. आप्पा "मी दिल्ता" म्हणाले तेव्हा मी दाराआड उभा होतो. पुढं आलो नाही. आप्पांना मी काही सांगितलं नव्हतं, दाराआडचं माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं होतं.

परवा त्यांना विचारलं, "आप्पा, माझं नाव का घेतलं न्हाई?"

पट्टी चाचपत ते म्हणाले, "बापाशी अबोला धरून लेक जगती रे. मी आज हाय, उद्या न्हाई. पण भाऊ तुटला असता तर माझ्यामागं तिला माहेर कुठं राह्यलं असतं?"

एवढ्यासाठी या माणसानं तुझ्या तोंडून 'आप्पा' ऐकणं सोडून दिलं. मी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, अक्का. हे तुला कळवू नको असंही त्यांनी बजावलंय. ते मी ऐकत नाही.

तुझा अबोला माझ्या वाट्याचा होता. आजपासून तो माझ्याशी धर, माझी बिलकुल तक्रार नाही. पण आप्पांशी बोल. पुढच्या गुरुवारी ये. मी समोर नको असेन तर दाजींकडून तसं कळव, मी दिवसभर बाहेर राहीन. नंदा तुला घ्यायला स्टँडवर येईल.

आजवर पत्राखाली 'तुझा लाडका भाऊ' लिहीत आलो. आज हात धजत नाही. नुसतं नाव लिहितो.

रामकिसन