आबांची बाजू

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार. हात अजून ओले आहेत, अक्षर फुटलं तर चालवून घ्या. तुमचा खोकला, गुडघा, सगळ्यांची चौकशी मागाहून करते, आधी बातमी ऐका. नळ दुरुस्त केला! मी! एकटीनं!

स्वयंपाकघरातला उभा नळ टपटप गळत होता. वायसर गेलाय हे तुमच्या लेकीला कुणी सांगायला नको. मुख्य कॉक बंद केला, नळातलं उरलंसुरलं पाणी काढलं, बारीकसारीक काही पडू नये म्हणून बेसिनच्या जाळीवर फडकं टाकलं. मूठ काढली, दांडा उजव्या हाताला येईल असा पान्हा लावला आणि खेचला माझ्या बाजूला. ढिम्म! दात-ओठ खाऊन खेचला. ढिम्म!

घरमालकीणकाकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, उघडतेयस की आवळतेयस?"

"उघडतेय! लहानपणापासून करतेय हे."

आणि बोलता बोलताच डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही नळ टेबलावरच्या शिकंज्यात धरायचात, मी समोर स्टुलावर. पान्ह्याचा दांडा तुमच्या उजव्या अंगाला, त्यावर दोघांचे हात. "तुझ्या बाजूला सैल, माझ्या बाजूला घट्ट." तेच घोकत मी मोठी झाले, आणि आज तुमच्या जागेवर उभी राहून माझ्या बाजूला ओढत होते! इतकी हसले की काकूंना वाटलं, हिला काहीतरी लागलं. मग दांडा पलीकडे ढकलला. कर्र झालं आणि सुटला! जुना वायसर पार चपटा, मधोमध चिरलेला. नवा बसवला, कॉक उघडला. एक थेंब नाही आबा! काकूंनी स्वतः मूठ फिरवून बघितली आणि लगेच त्यांच्या बाथरूमचा नळही माझ्या गळ्यात मारला.

कुठली घरमालकीण, असं मनात आलंच असेल. हो, ही भाड्याची खोली आहे. मी एकटीच राहते. जावयांची खुशाली विचाराल, तर बरे असावेत.

तिथलाही नळ गळायचा. हात लावला की तुमचे जावई म्हणायचे, "राहू दे, तुला नाही जमणार." नळाचं सोडा, पुढेपुढे दुकानात जायचं तरी विचारून, शेजारणीशी बोलायचं तरी विचारून. मला वाटायचं, अजून थोडा जीव लावला की सैल होईल. मी ओढत गेले आणि ते आवळत गेलं. आज पान्हा हातात धरून हसता हसता रडू आलं ते यानंच. मी परत जाणार नाही आबा.

दादा म्हणतो, "आबांचंही हेच म्हणणं आहे, निमूट परत जा." त्याचं ऐकून घेतलं, पण खरं मानलं नाही. रागवायचं असेल तर तुम्ही स्वतः रागवा.

गुडघा साथ देत असेल तर या ना. फ्लशची टाकी सारखी वाहतेय, आतला फुगा अडकत असावा. तुमची हत्यारांची पिशवी आणा. इथे टेबल नाही, पण स्टूल आहे. त्यावर आता तुम्ही बसायचं, काम मी करीन.

येणं जमलं नाही, तर दोन ओळी पाठवा. फक्त एवढंच लिहा, तुम्ही कुणाच्या बाजूला?

तुमच्या जागेवर उभी राहून वाट बघणारी,
तुमची खारूताई